आराम पडला की सोड

तीर्थरूप मावशी,

साष्टांग नमस्कार घालायचा तर पालथं पडावं लागतं, आणि मी सध्या हुकमाने उताणा आहे, तेव्हा तेवढं चालवून घे. तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला बसला का? (मला मात्र तब्येतीचं कुणी विचारलं की हल्ली मी आपोआप जीभ बाहेर काढतो. का ते पुढे येईलच.) काकांना सांग, सोमवारी मला दुकानात गादीवर बसवायचं ठरलंय ते मी विसरलेलो नाही. गाद्यांच्या दुकानात गादीवर बसणं म्हणजे राज्याभिषेक नव्हे, एवढं मला कळतं. पण आजवर मी एका जागी असा बसलेलोच नाही, म्हणून अप्रूप. सोमवार चुकला तर काकांचा तो मिशाळ पुतण्या टपलेलाच आहे, आणि तू माझ्यासाठी शब्द टाकलायस, हेही ध्यानात आहे. म्हणूनच घाईने लिहितोय. फोन का नाही केला म्हणशील, तर फोन तुझ्या मैत्रिणीने कपाटात ठेवलाय. डोक्याला ताण नको म्हणे.

मावशी, मी नोकऱ्या पुष्कळ सोडल्या, पण सुट्टी अशी कधी घेतली नव्हती. नोकरीच नसली तर सुट्टी घेणार कशातून? तेव्हा गादीवर बसायच्या आधी आठवडाभर मैत्रिणीच्या समुद्राकाठच्या लॉजवर जाऊन ये असं तू म्हणालीस, आणि मी उडीच मारली. सुट्टीत लोक मोठमोठं काहीतरी बघायला जातात. मला तसलं काही नको होतं. मला परक्या खोलीची खिडकी उघडायची होती. (परकी खिडकी आपल्यासारखी उघडत नाही, खिट्टी भलतीकडेच असते, ती सापडेपर्यंत जी मजा येते ना, ती.) कागदात गुंडाळलेला एवढासा साबण पाहिजे होता. भर दुपारी, सगळी दुनिया कामात असताना, झोपायच्या कपड्यांवर बिस्किटं आणायला जायचं होतं. दुसऱ्या कुणीतरी वाचून टाकलेलं कालचं वर्तमानपत्र पायरीवर बसून वाचायचं होतं. आणि समुद्रात घोट्यापर्यंत उभं राहायचं होतं. लाट मागे गेली की पायाखालची वाळू सरकते, आणि न चालता चालल्यासारखं होतं. माझ्यासारख्याला आणखी काय हवं?

पण संशयाची पहिली पाल बसस्टँडवरच चुकचुकली. न्यायला तुझ्या या नर्स मैत्रिणीचे, म्हणजे सिस्टरचे, यजमान आले होते. (जन्मभर ॲम्ब्युलन्स चालवलेला माणूस. मी त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतो.) त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. मला वाटलं, काय माणूस आहे! मग म्हणाले, मागे आडवा हो. गाडी साधीच, पण मागची सीट काढून तिथे सतरंजी अंथरलेली. मी म्हटलं, पुढे बसतो की, तेवढाच रस्ता दिसेल. तर म्हणाले, ‘आडवं झालं की रस्ता कळत नाही.’ आता रस्ता कळू नये असं त्या रस्त्यात काय होतं? गाडी अशी हाणली की समोरचे सगळे आपोआप बाजूला होत होते, आणि होताना वाकून आत माझ्याकडे बघत होते.

खोली स्वच्छ आहे, फार म्हणजे फारच. गाद्यांच्या धंद्यात शिरणारा माणूस म्हणून मी आधी गादी चाचपली. (कापूस बरा आहे, पण पायथ्याशी गोळे झालेत, काकांना सांग.) चादरीखाली हात घातला तर मेणकापड. मावशी, माझं वय काय! खिडकी सिस्टरने स्वतःच उघडली आणि वारं लागेल म्हणून स्वतःच लावली, खिट्टी कुठे आहे ते मला कळायच्या आत. साबण लाल, औषधी, विटेएवढा. दुसऱ्या दिवशी पहाटे गाढ झोपेत काहीतरी काचेचं माझ्या तोंडात शिरलं. डोळे उघडले तर थर्मामीटर, आणि वर सिस्टरचा चेहरा, मनगटावरच्या घड्याळाकडे लागलेला. मी काहीतरी म्हणालो ते तिला कळलं नाही, ते एक बरंच झालं.

जेवणाचं तर विचारूच नकोस. बाकीच्या टेबलांवर तळलेलं, चुरचुरणारं. माझ्या ताटात सगळं पांढरं आणि मऊ, बिनचावता खाली जाणारं. वरच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिकाबाई सुट्टीला आल्यात. त्या रोज माझ्याकडे असं बघायच्या, जसं आपण विकायला काढलेल्या घराकडे बघतो. एकदा त्यांनी आपल्या वाटीतलं गोड माझ्या ताटात सरकवलं आणि हळूच विचारलं,

‘तुला सांगितलंय का रे बाळा?’

‘काय?’

‘काही नाही. जेव तू.’

आता तूच सांग, असं ऐकल्यावर कुणाला जेवण जाईल? मी खोलीत जाऊन आरशात जीभ बघितली. जीभ जिभेसारखीच होती, पण मी ती आधी कधी इतक्या निरखून बघितली नव्हती, त्यामुळे तुलनेला काही नाही. मग एकेक आठवायला लागलं. निघताना तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. एरवी टपली मारतेस. काकांनी चक्क ‘सावकाश ये’ म्हटलं. मला कधी कुणी सावकाश ये म्हटलंय? म्हणजे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि मलाच सांगितलेलं नाही! त्या दुपारी मी खरंच घाबरलो, मावशी. पडल्या पडल्या बघायची राहिलेली गावं आठवत होतो. निम्म्याहून जास्त निघाली.

शेवटी ड्रायव्हरकाका गाडी धूत होते तिथे गेलो आणि म्हटलं, जे असेल ते सांगून टाका, मी घट्ट आहे. त्यांनी फडकं पिळलं आणि म्हणाले, ‘मला काय ठाऊक काय झालंय तुला? तुझ्या मावशीनेच कळवलंय, भाचा पाठवते, त्याला आराम पडला की मगच सोड.’

आराम पडला की सोड! मावशी, तुला म्हणायचं होतं पोराला जरा आराम करू दे. पण हॉस्पिटलात हाडं झिजवलेल्या बाईला तू ‘आराम पडला की’ म्हणतेस? तिच्या भाषेत आराम करायचा नसतो, तो पडायचा असतो, आणि तो पडला की नाही हे तीच ठरवते. मी तडक तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, मला काहीही झालेलं नाही. ती म्हणाली, ‘सगळे असंच म्हणतात.’ मी धडधाकट आहे हे दाखवायला उड्या मारून दाखवल्या, तर तिने यजमानांना हाक मारून मला धरवलं. जास्त खाल्लं तर खा-खा सुटली, कमी खाल्लं तर अन्नावरची वासना गेली. गप्प बसलो तर मलूल, बोललो तर बडबड. आणि मी बोलतो किती ते तुला माहीत आहे, म्हणजे केस गंभीरच.

मी परत ड्रायव्हरकाकांना गाठलं. तर ते गाडीच्या टपाकडे बघत म्हणाले, ‘रिटायर झाल्यापासून ही नुसती खुर्चीत बसून असायची. येणारे सगळे ठणठणीत. खातात, फिरतात, जातात. चहासुद्धा मीच करायचो. तू आल्यापासून उठते, घड्याळ लावते, माझ्यावर ओरडते. चार दिवस पड की आजारी. तुझं काय जातं?’

माझं काय जातं? माझी गादी जाते! तेव्हा मावशी, पत्र मिळताच सिस्टरला नेमक्या याच शब्दांत कळव, की भाच्याला आराम पडला, सोड. दुसरा कुठलाही शब्द वापरू नकोस. सोमवारी मला तिथे बसलेलं बघायचं असेल तर उशीर करू नकोस.

तुझा लाडका (म्हणजे होतो, मेणकापडापर्यंत तरी),
भिंगरी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. सिस्टर शेक द्यायला आली आणि जुन्या पेशंटांच्या गोष्टी सांगत बसली. एकजण पायाचं प्लास्टर ओलं असतानाच पळून गेला, तो दारातच चिकटला. मी इतका हसलो की तिने नाडी बघितली.

ता. क. २. एक गोष्ट ध्यानात आली. थर्मामीटर वाचताना ती चष्मा लावत नाही. चष्म्याशिवाय तिला मीसुद्धा नीट दिसत नाही, पारा काय दिसणार? म्हणजे मला काही झालेलं नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी आज मला समुद्रावर घेऊन गेली. खारं पाणी पायांना चांगलं म्हणाली, आणि स्वतःच साडी उचलून आत उभी राहिली, माझा हात घट्ट धरून. लाट मागे गेली तशी म्हणाली, सरकतंय बघ. पेशंटला ही परवानगी नसते, कुणाला बोलू नकोस, असं बजावलंय. मी तुला बोललेलो नाही.

ता. क. ३. आता संशय तुझ्यावर आहे. तू आयुष्य काढलंस हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर, शेजारी ही सिस्टर, आणि तुला ‘आराम पडला’ म्हणजे काय ते ठाऊक नाही? मला नाही पटत. असो. वर लिहिलेलं कळवू नकोस. काकांना सांग, सोमवार जमत नाही. गादी रिकामी ठेवता आली तर ठेवा, नाहीतर मिशाळला बसवा, बसण्यात तो हुशार आहे. तू टाकलेल्या शब्दाचं काय करायचं ते तू बघ. इथेही तो तूच टाकलायस.

ता. क. ४. मुख्य राहिलंच. माझा निळा स्वेटर आणि उरलेले कपडे पाठव. आणि सिस्टर विचारते आहे, मला लहानपणी काय काय झालं होतं. तेवढं जरा सविस्तर लिही. मला आठवतंय त्यात नुसती एक कांजिण्यांची साथ आहे, ती फार तर बुधवारपर्यंत पुरेल. कमी पडलं तर काकांचं घाल.