फौजदाराची काच

मुरबाड तालुका,
मार्गशीर्ष, सन १९४२

प्रिय नवशा,

आजी नावाचं एक माणूस तुला आहे, हे कुणी कानात ओरडल्याशिवाय तुला आठवत नाही. नवस बोलले मी, कोंबडा दिला मी, आणि तू दसऱ्याला गेलास तो दोन महिने गप्प. जाताना मुंडासं खुंटीवर विसरलास. डोकं धडाला चिकटलेलं होतं म्हणून बरोबर गेलं, नाहीतर तेही खुंटीवरच राहिलं असतं.

हे पत्र शाळामास्तरांची बायको कमळाबाई लिहितेय. मी 'नाय' म्हटलं की ती 'नाही' लिहिते, तेव्हा आजी शाळेत जाऊन आली असं तुला वाटेल. तसं काही झालेलं नाही. मी थेट मुद्द्याचं सांगायला लागले. तर म्हणाली, आजी, आधी दम घ्या. म्हणून आधी जरा इकडचंतिकडचं सांगते.

झोडणी झाली. भात बरं उतरलं. कणगीमागची तुझी काळोखी खोली मी होती तशीच ठेवलीय, खिडकीला गोणपाट, भिंतीच्या भोकांत शेण, कंदिलाला लाल काच. शहापूरच्या फोटोवाल्याकडे चार वर्षं काम करून तू त्याचा जुना कॅमेरा घेऊन घरी आलास, तेव्हा गावाला वाटलं पोरगं चेटूक शिकून आलं. मलाही वाटलं. परातीतल्या पाण्यात कोऱ्या कागदावर माणूस वर आलेलं पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मी परात टाकून पळाले होते, आणि तू भाताच्या गोणीवर पडून हसत होतास. मग मीच शिकले. फोटो उतरलेल्या काचेवर कागद चेपून, लाल काच काढलेल्या कंदिलासमोर धरायचा, वेळ मोजायला तू घड्याळ मागत होतास. मी म्हटलं, घड्याळ कशाला? मोकळ्या हातानं नसलेलं जातं फिरवायचं, बारा फेरे झाले की कागद पाण्यात. माझे फोटो तुझ्यापेक्षा स्वच्छ यायचे, हे तू कधी कबूल केलं नाहीस. आता करून टाक.

मला अक्षर वाचता येत नाही, पण काच वाचता येते. काचेवर माणसाचं तोंड काळं आणि केस पांढरे. दुसऱ्यांना ती भुतं दिसतात, मला त्यात सापगावचे सोयरे ओळखू येतात. या गुणाचा आजवर मला ताठाच होता. गेल्या मंगळवारी तो उतरला.

दुपारची वेळ. कुंडलिक पाटील नव्या फौजदाराला घेऊन ओट्यावर आला. फौजदार घाटावरचा, इथलं कोण कुणाचं त्याला ठाऊक नाही. शहापूरचा फोटोवाला दुकानाला कुलूप लावून नाहीसा झाला म्हणे, आणि यांनी कुलूप तोडून एक काच आणली होती. छापून कोण देणार? तर आमचा पाटील मोठ्या कौतुकानं म्हणाला, "आमची बाईजा आजी छापते की!" त्या मेल्याचं तोंड आणि त्याची चुन्याची डबी, दोन्ही कधी मिटलेली बघितली नाहीत मी. मग फौजदारानं सांगितलं, रेल्वेच्या तारा तोडणारी पोरं या काचेत आहेत. एका गँगमननं त्यांच्यातल्या एकाला पळताना पाहिलंय, तोंड नाही, नुसता डावा हात. त्याची शेवटची दोन बोटं अर्धी आहेत. ते ऐकलं आणि पाटलानं तोंडातलं पान गिळलं. तुझी बोटं त्याला ठाऊक नाहीत का? पण तोवर मला पुढे करून झालं होतं. त्यानंतर आजतागायत तो कुणाशी एक शब्द बोललेला नाही, म्हणजे बघ.

मी काच उजेडाला धरली. पाच पोरं, मागे कुठलंसं दुकान, आणि मधे तू. डावा हात तुझ्या दोस्ताच्या, सावळ्याच्या खांद्यावर. विळ्यानं ती बोटं गेली तेव्हा हळद मीच दाबून धरली होती रे, आंधळी असते तरी ओळखली असती. काच हातातून सोडून द्यावी असं मनात आलं. फौजदाराला ते कळलं की काय कोण जाणे, म्हणाला, "म्हातारे, ही फुटली तर तू आत."

मी खोलीत गेले, दार लावलं. काचेची मसाल्याची बाजू ओल्या ओठाला चिकटते आणि तीच कागदाला लावायची, हे तुझं शिकवणं. मी मुद्दाम काचेची पाठ लावली. मधे काचेची जाडी आली की तोंडं धुक्यात गेल्यासारखी होतात, आणि डाव्याचा उजवा होतो. फौजदार म्हणाला, धूसर आहे. मी म्हटलं, साहेब, काच जुनी, मीही जुनी. तो काच आणि फोटो घेऊन गेला. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी एक भाकर जास्त खाल्ली.

पहिला कागद जरा काळा आला म्हणून मी मागे ठेवला होता. संध्याकाळी तो कमळाबाईला दाखवला, म्हटलं बघ आजीची अक्कल. तिनं बघितला आणि आधी उठून दार लावलं. मागच्या दुकानावर भलीमोठी पाटी होती, आणि तिच्यावरची सगळी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. मला ती नक्षी वाटली होती. पाच तोंडं मी पुसली, आणि ज्याला दोन इयत्ता येतात त्याच्यासाठी त्यांच्या डोक्यावर सगळी लबाडी तशीच टांगून दिली. त्या दिवसापासून कुत्रं भुंकलं की माझी भाकर तव्यावर करपते. पायलीभर तांदूळ मी निवडला आणि खडे परत त्यातच टाकले.

काल फौजदार काच घेऊन परत आला. पाटीवर बोट ठेवलं आणि हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, "अडाणी बाई! उलटं छापलंस, तुला कळलंसुद्धा नाही?" मीही हसले. सत्तर वर्षांत अडाणीपणाचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता. पण हसून झाल्यावर त्यानं टोपी काढून काखेत धरली, माझ्यामागोमाग आत आला आणि दाराला आतून कडी घातली. काच सुलटी लागली की नाही, ते पाटी वाचून त्यानं स्वतः बघितलं.

आता ज्यासाठी कमळाबाईला बसवलं, ते सांगते. मी छापले, नवशा. सहा. लाल उजेडात तू सहा वेळा पाण्यातून वर आलास, सहाही वेळा हसरा, आणि तो माझ्या खांद्यावरून वाकून 'वा' म्हणाला. हात चुकवायची सोय नव्हती, फेरे तो मोजत होता. एकच करता आलं. शेवटच्या परातीत फोटो पक्का करणारा हायपो नवा न भिजवता शिमग्यापासूनचं वापरलेलं, मेलेलं पाणी ओतलं. त्याला काय कळतंय? त्या पाण्यातले फोटो आज लख्ख दिसतात, मग पिवळे पडतात, मग तपकिरी होऊन तोंडं जातात. पण कधी जातील ते मला सांगता येत नाही. मंगळीच्या लग्नातला गेला तो दोन महिन्यांनी. कोरा कागद उरला होता तो मी उन्हात पसरून वाया घालवला, म्हणजे आणखी छापायला नको. तरी सहा आहेतच, आणि येत्या पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या जत्रेत शिपाई ते घेऊन बैलबाजारात उभे राहणार आहेत. जाताना फौजदारानंच सांगितलं, मजेत. आणि तू मिठागरावर तुझ्याबरोबर राबणाऱ्या ठकूजवळ निरोप धाडलास, जत्रेला येऊन आजीला भेटतो म्हणून. येऊ नको. सावळ्यालाही येऊ देऊ नको. आजी आजारी आहे असं कुणी सांगितलं तरी येऊ नको, मेली म्हणून सांगितलं तरी नको, मला पोचवायला गाव आहे. हे पत्र ठकू मिठागरावर परत येताना ओच्यात घालून आणेल, ते वाचून जाळ. उलट लिहू नको, कमळाबाईला दुसऱ्यांदा या भानगडीत बसवणार नाही मी. त्यापेक्षा ठकूची माणसं जत्रेला येतील त्यांच्या हाती शेरभर सुकट पाठव. बोंबील नको, चावायला दात कुठे आहेत? सुकट पाठव, आणि ती तुझ्या हातानं निवडलेली असू दे. दुसऱ्या कुणी निवडलेली मला कळते.

तुझीच,
आजी
(अंगठा बाईजाचा)