डावा बैल

मावला, पोळ्यानंतरचा रविवार

बाबा, फार दिवसांनी लिहिते आहे, माफ करा. लिहावंसं वाटलं नाही असं नव्हतं. तुमच्यामागे राहिलेल्या तुमच्या गाडीचं काय करायचं हे ठरत नव्हतं, आणि ते ठरल्याशिवाय तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं. तुमच्या जावयांनी गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं. माणूस चांगला, गाडी सांभाळणारा. पण आईचे गुडघे आता इतके आखडलेत की उंच गाडीत तिला चढता येत नाही. तुमच्या या बुटक्या गाडीत ती आधी बसते आणि मग दोन्ही पाय उचलून आत घेते. ही गाडी गेली म्हणजे तिचं बेल्याला, आपल्या शेतावर जाणं गेलं, आणि तिथे धुऱ्यावर, बांधाशी उभं राहून कपाशीला बोंडं किती धरली ते पाहणंही गेलं. तरी विकायचं मी जवळजवळ ठरवलं होतं, कारण गाडीचे ब्रेक लागेनासे झाले होते.

खरं तर मला वाटत होतं, माझा पायच अधू झाला. कॉलेजात दिवसभर उभं राहून संध्याकाळी उजवा पाय भरून येतो, म्हणून ब्रेकचं पॅडल दगडासारखं लागलं की मी पायालाच दोष द्यायची. मागच्या महिन्यात बेल्याच्या अलीकडे, नाल्याच्या पुलाकडे उतरतो तिथे, पुढे कडब्याची बैलगाडी होती. आई शेजारी बसलेली. मी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, शेवटी सीटवरून उठून सगळं वजन टाकलं. गाडी थांबली तेव्हा कडब्याची टोकं आमच्या काचेला टेकली होती. गाडीवान मागे वळून म्हणाला, "बाई, कडबा पाह्यजेन तं मांगून घ्या ना!" आई हसली. मला हसू आलं नाही. त्यानंतर ब्रेकचे पॅड बदलून घेतले. चार दिवस फरक वाटला. फरक होता की खर्च केल्याचं समाधान, ते आता सांगता येणार नाही. मग पुन्हा तेच. मला आणखी एक प्रश्न छळत होता. हे सांगून विकली तर ती कोण घेईल, आणि न सांगता विकायची कशी?

आज दुपारी ज्वारीची भाकर खाता खाता तुमचे जावई म्हणाले, "गिऱ्हाईक उद्या येतो म्हणतंय." आईनं हातातला घास ताटात ठेवला. "काऊन वं, तुह्या पायाले झालं काय, ते तं पाह्य आधी. का गाडीचाच डावा बैल झोपला? तुहे बाबा काय म्हनत, इसरली?"

विसरलेच होते, बाबा. आणि मग एकदम सगळं आठवलं. तहसीलची जीप तुम्ही जन्मभर चालवली. तिचा ब्रेक मारायचा म्हणजे अर्धं उभं राहायचं. निवृत्त झाल्यावर ही जुनी गाडी घेऊन तुम्ही दारात आलात. आम्हा दोघींना बसवलं, गल्लीच्या तोंडाशी शेळी आडवी आली, आणि तुम्ही जीपच्या सवयीनं ब्रेक हाणला. आईच्या मांडीवरचा चटणीचा डबा काचेवर. लाल तिखटात माखलेली आई म्हणते, "गाडी घेतली का रेडा?" आणि तुम्ही स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत आहात. नंतर मला गाडी शिकवताना तुम्ही समजावलं होतं की या गाडीत ब्रेक एकट्या पायानं लागत नाही. इंजिन हवा ओढतं, ती ओढ एका नळीतून काळ्या गोल डब्यात जाते आणि तो डबा पायाबरोबर जोर लावतो. पाय उजवा बैल, डबा डावा. डावा झोपला की सगळं ओझं उजव्यावर.

जेवण तसंच ठेवून अंगणात गेले. तुम्ही शिकवलेलं हातापायांना आठवत होतं. इंजिन बंद ठेवून पॅडल घट्ट होईपर्यंत दाबत राहायचं. मग त्यावर पाय तसाच ठेवून गाडी सुरू करायची. डावा बैल जागा असेल तर पॅडल पायाखाली किंचित खाली जातं. गाडी सुरू केली, पॅडल हललं नाही. बॉनेट उघडलं, तर सुं सुं आवाज येत होता, भाताचं झाकण नीट बसलं नसल्यासारखा. नळीवरून बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले. तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, वर सुतळी, आणि सुतळीला तुमची ती गाठ, जी तुम्ही बैलाच्या दाव्याला मारायचात. ओढली की आवळणारी. केव्हा बांधली होती, बाबा? आम्हाला कळूसुद्धा दिलं नाही. रबर वाळून पापडासारखं झालं होतं, खालची नळी चिरलेली. चिरेवर अंगठा दाबला तसा आवाज बंद झाला आणि अडखळणारं इंजिन एका लयीत चालू लागलं. बराच वेळ अंगठा काढावासा वाटला नाही.

संध्याकाळी मेकॅनिकनं नवी नळी आणि तिच्यातला हवा मागे न सोडणारा व्हॉल्व्ह बसवून दिला. पुन्हा तीच परीक्षा केली. पॅडल पायाखाली मऊ खाली गेलं. तुमचे जावई विचारत होते, गिऱ्हाइकाला काय सांगू? आईच ओट्यावरून म्हणाली, "सांगा, बैल जागा झाला म्हना!" त्यांनी हसत फोन लावून गाडी विकायची नाही म्हणून कळवलं.

सुतळी मी फेकलेली नाही. गाठ न सोडता कापून काढली, ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे.

आता एक सांगायचं राहतं. "उतारावर इंजिन काऊन जाळतेस?" असं म्हणून तुम्ही मला उतारावर गाडी बंद करून सोडायला शिकवलं. जीपला ते चालत होतं. या गाडीत इंजिन बंद म्हणजे हवेची ओढ बंद. नळी धड असेल तर डब्यात उरलेल्या ओढीवर एकदोनदा ब्रेक लागतो. नळी चिरलेली असेल तर तेवढाही नाही. त्या दिवशी नाल्याच्या उतारावर इंजिन मीच बंद केलं होतं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, कारण अजून तुमच्या आवाजात ऐकू येणारी ती एक सवय मला मोडायची नव्हती. बाकी सगळं तुमचं ऐकते, बाबा.

उद्या: आईला बेल्याला न्यायचं, उतारावर इंजिन चालू ठेवून.