गाडीच्या तोंडावरची छागल

अण्णा, "आप्पा, रेडिएटरची जागा माझीच चुकली. दुसऱ्या कुनाची चूक न्हाई," असं तुम्ही औशाच्या पुढे रस्त्यात उभे राहून म्हणालात, तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता चाळिशी उलटून गेली आहे, आणि गेला आठवडाभर मला एका जागी बसवत नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आपल्या गॅरेजच्या पाटीवर 'जिल्हा लातूर' हे शब्द तुम्ही स्वतः रंगवले होते. पाऊस मात्र दुसऱ्या वर्षीही आला नव्हता. भुसार व्यापारी आप्पांनी हैदराबादहून दोन सीटची, उघडी, बुटकी स्पोर्ट्स कार आणली होती. तिचं इंजिन कायमचं गेलेलं. तुम्ही तिच्यात जीपचं इंजिन बसवलंत. ते लांबडं, गाडीचं नाक आखूड, त्यामुळे रेडिएटर उभा मावेना. मग तुम्ही तो तिरका झोपवलात, वारं बाजूनं निसटू नये म्हणून दोन्हीकडे पत्रे मारलेत आणि बॉनेटला चिरा पाडल्यात. "वाऱ्याला आत यायला तोंड हाय माय, पर भाईर जायला बी वाट पायजे की," तुम्ही म्हणता. मी उदबत्ती धरून गाडीपुढे उकिडवी बसले आहे. पंखा फिरतोय. धूर सरळ जाळीतून आत जातो आणि चिरांतून वर निघतो. तुम्ही एकदम टाळी वाजवता.

निलंग्यापर्यंत गाडी चालवून आप्पांना दाखवायची होती; तुम्हा दोघांच्या मध्ये मी अंग चोरून बसणार होते. त्या सकाळी मी टँकरच्या रांगेत उभी राहिले, जाड कापडाची छागल काठोकाठ भरली आणि वाटेत तुम्हाला गार पाणी मिळावं म्हणून पुढच्या जाळीवर बांधली. तेव्हा ट्रक, जीपा, सगळेच छागल पुढं लटकवून फिरत. कुणी तिच्याकडे वळून पाहिलंही नाही. पण ट्रकचं तोंड मोठं असतं. आपल्या गाडीचं वीतभर होतं.

औसा सुटलं आणि इंजिनच्या तापाचा काटा लालमध्ये गेला. तुम्ही रेडिएटरचं टोपण सैल केलंत, तेवढ्यात वाफेनं मनगट भाजलं. "अण्णा, मोटार केली का गुळाचं चुलवाण?" आप्पा ओरडले. "ह्या दुष्काळात हिला पानी कोन पाजंल?" तुम्ही इंजिन निवू दिलंत, छागल सोडून तिचं पाणी रेडिएटरात ओतलंत, रिकामी छागल माझ्या मांडीवर ठेवलीत आणि मग ते वाक्य बोललात. तिथूनच गाडी मागं फिरवली. लातूरपर्यंत काटा जागचा हलला नाही. आप्पांना वाटलं, पाण्याची करामत.

त्यांनी गाडी गोदामात टाकली. बाजारात महिनाभर चुलवाणाची थट्टा चालली. नव्या जिल्ह्याच्या सरकारी जीपा दुरुस्तीला येऊ लागल्या होत्या, नेमक्या त्याच वर्षी तुम्ही पाटी उतरवलीत आणि नांदेडला दुसऱ्याच्या गॅरेजात पाने फिरवायला गेलात. त्यानंतर एका गाडीचं इंजिन दुसरीत बसवायला तुम्ही कधी हात लावला नाहीत.

मागच्या आठवड्यात अर्धापूरहून येताना माझ्याच गाडीचा काटा चढला. मी हौसेनं पुढं लावून घेतलेले जादा दिवे मिस्त्रीनं काढून हातात दिले. "मॅडम, तोंडावर कायबी लावत जाऊ नका, वारं आडतंय." मी तिथल्याच स्टुलावर बसले.

अण्णा, रेडिएटरसाठी तुम्ही धरलेली जागा बरोबर होती. हे सांगायला मी खूप उशीर केला. पण मला स्वस्थ बसू देत नाही ती दुसरीच गोष्ट: छागल सोडताना तुमचा हात जाळीवर थांबला होता. तुम्ही आधी जाळीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. तुम्हाला तिथंच कळलं होतं का? कळलं असेल, तर पोटच्या पोरीला बोल लागू नये म्हणून तुम्ही आपलं आयुष्यभराचं काम सोडलंत.

तसं असेल तर एकदा मला रागवा. आप्पांच्या देखत, भर रस्त्यात, मोठ्यानं. तुम्ही रागवणार नाही, ठाऊक आहे. तरीही मागते.