पाण्याला दिलेला शॉक

सोमवार, संध्याकाळ

मनगट अजून ठणकतंय. परसातल्या स्विमिंग पूलचं पाणी हिरवट झालं होतं, म्हणून काल अंधार पडल्यावर त्यात क्लोरिनची पावडर टाकली, नेहमीपेक्षा बरीच जास्त. पूलवाले याला शॉक देणं म्हणतात. सकाळी अंबडला कामावर निघताना मीही आईला तेच सांगितलं, "शॉक दिलाय, पाण्याला हात लावू नकोस." पावडर सगळ्या पाण्यात फिरावी म्हणून पंप चालू ठेवून गेलो.

परत येऊन बघतो तर पंप बंद आणि पाणी हिरवंच! वैतागून हात घातला, तोच आईने कपडे वाळत घालायच्या काठीचा सणसणीत फटका मनगटावर दिला. तिच्या पायात रबरी चपला; सकाळपासून पूलच्या काठावरच बसून होती म्हणे.

"शॉक दिलास आणि मेन स्विच चालूच ठेवून गेलास? मी बंद केला लगेच."

"मग आता कसली भीती?"

"एकदा दिलेला शॉक कधी उतरतो, मला काय ठाऊक!"

पावडर वाया गेली. चूक कुणाची? शब्द तर माझाच. पण एवढ्या उकाड्यात आई दिवसभर काठावर का बसली? विचारलंच.

"तू आल्याआल्या आधी पाण्यातच हात घालतोस."

मनगट ठणकतंय. ठणकू दे.