टू-स्ट्रोकला तर्री

३ ऑगस्ट, रविवार

गाडी आली! चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल आणि सीट, टू-स्ट्रोक इंजिन, अस्सल रेसिंगची. इथेच दिल्लीत, छतरपूरच्या एका फार्महाऊसमागे ताडपत्रीखाली पडून होती. मालकाच्या मुलाने शर्यती सोडून मोमोजचा धंदा काढला, म्हणून विकली. माणसं कशासाठी काय सोडतील, सांगता येत नाही. टेम्पोतून उतरवताना सोसायटीच्या गार्डने विचारलं, साहब, ट्रॅक्टर लिया क्या. दुर्लक्ष केलं.

किक मारली. बराच वेळ मारली. सुरू झाली, पण आवाज फारच सभ्य. असल्या आवाजाने कोणी घाबरत नाही. तेव्हा ठरलं: एक्झॉस्ट नवा, खास बनवून घ्यायचा. इंजिन स्वतः ट्यून करायचं. आणि २८ सप्टेंबरला मानेसरपलीकडे मातीच्या ट्रॅकवर नवख्यांची शर्यत आहे, ती मारायची. बावीस वर्षं मिनिस्ट्रीत अडकलेल्या फायली हलवतोय मी. एक इंजिन हलणार नाही?

संध्याकाळी बायको, लुंबिनी, रविवारची ड्यूटी करून आली. रोज आमच्या द्वारकेहून पार दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, हिंदूराव हॉस्पिटलपर्यंत गाडी चालवत जाते, तिकडे एका लॅबमध्ये रक्त तपासते. दमून आली की तिला स्वतःचं पार्किंग रिकामं लागतं. आज त्यात ही. आरडाओरडा केला नाही, हेच वाईट लक्षण. म्हणाली, शर्यतीच्या दिवसापर्यंत मी माझी गाडी बाहेर रस्त्यावर लावीन. शर्यतीत तुम्ही एक फेरी, फक्त एक पूर्ण फेरी मारून दाखवा, मग ही इथेच राहील. नाही मारली तर भंगारवाला.

फक्त एक फेरी! बाईमाणसाला शर्यतीतलं काय कळणार. लगेच हो म्हटलं.

१० ऑगस्ट

हितेश आला होता. हा लुंबिनीचा धाकटा भाऊ, गुडगावला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. त्याने चहा पिता पिता सांगितलं की टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट म्हणजे नुसती नळी नव्हे, मध्ये पोट, शेवटी बारीक शेपूट, सगळं मापात असावं लागतं. मग म्हणाला, भाऊजी, बाहेरून बनवून घेता येईल, बिल्कुल, पण...

पण काय ते ऐकायच्या आत मी त्याला दुसरा लाडू वाढला. हितेश गुणी मुलगा आहे. मी त्या घरचा जावई. लग्न झाल्यापासून त्या घरात मला कोणी 'नाही' म्हटलेलं नाही. सासऱ्यांनी ही परंपरा सुरू केली, हितेश चालवतो. याचाच अर्थ मी बहुतेक वेळा बरोबर असतो.

११ ऑगस्ट

व्यायाम सुरू. हँडल धरायला दंड लागतात. उद्यापासून.

१७ ऑगस्ट

मायापुरीच्या भंगारबाजारात लवलीपाजी नावाचे सरदारजी सापडले. वेल्डिंगमध्ये नाव आहे. मूळ काम तंदूरच्या चिमण्या. मी मोबाइलवर एक्झॉस्टचा फोटो दाखवला. हो जाएगा सरजी. माप विचारलं तर म्हणाले, फोटो में दिख तो रहा है. असा आत्मविश्वास आमच्या ऑफिसात औषधालाही मिळत नाही.

घरी सोसायटीचं काहीतरी चाललेलं. लुंबिनी इथली सेक्रेटरी. डासांचा धूर मारणारा कंत्राटदार फोन उचलत नाही म्हणून चिडलेली. डेंग्यूचे दिवस, सी ब्लॉकमध्ये कोणाला ताप आलाय म्हणे. मी एक्झॉस्टबद्दल सांगायला लागलो तर उठून गेली.

२४ ऑगस्ट

एक्झॉस्ट बसवला. काय रूप! अजगराने बकरी गिळल्यासारखं पोट. गाडीपेक्षा तोच मोठा दिसतो. उजवा पाय ठेवायला जागा उरली नाही, पण शर्यतीत पाय कशाला लागतो.

मैत्रीला म्हटलं, बघ बेटा, बापाचं धुरांडं. ती म्हणाली, बाबा, धुरांडं मतलब? अकरावीला आहे पोरगी. समजावल्यावर म्हणाली, अच्छा, चिमनी. मला ते लागलं. का लागलं कळलं नाही.

३१ ऑगस्ट

ट्यूनिंगला सुरुवात. पहिलं काम, स्पार्क प्लग काढून रंग बघणे. सगळे तज्ज्ञ बघतात. माझा प्लग निघाला पांढराशुभ्र! दुधात धुतल्यासारखा. नवीन एक्झॉस्टने आतली सगळी घाण ओढून काढली असणार. तळमजल्यावरच्या हेमलताताईंना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि छान आहे म्हणाल्या.

हितेशला फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन. भाऊजी, पांढरा म्हणजे, अच्छा, स्वच्छच आहे तसा, पण...

आई दळण आणायला सांगत होती, म्हणून फोन ठेवला.

७ सप्टेंबर, दुपार

सेक्टरमागच्या मोकळ्या प्लॉटवर चाचणी. काय पळाली! उडाली म्हणा. मैत्रीने टाळ्या वाजवल्या. आयुष्यात इतका आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता.

७ सप्टेंबर, संध्याकाळ

मग एकदम गप्प. मागची चाकं जागच्या जागी जाम, गाडी थांबली, मी थांबलो नाही. झुडपात पडलो. कोपर सोललं. आतला पिस्टन तापून चिकटला असणार, हितेश फोनवर म्हणाला.

कारण स्पष्ट आहे. दिल्लीचं पेट्रोल.

८ सप्टेंबर

हितेश ऑफिस सुटल्यावर आला आणि इंजिन उघडलं. म्हणाला, टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, इंजिनला दुसरं वंगण नसतं. मोकळा एक्झॉस्ट लावला की हवा जास्त जाते, मग कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल जायचं भोक, मोठं लागतं. नाहीतर पेट्रोल कमी, त्याबरोबर तेल कमी, आणि प्लग पांढरा पडतो. बरंच बोलला. त्यातलं सार मी बरोबर पकडलं: तेल कमी पडलं.

९ सप्टेंबर

प्रकाश पडला! जेवताना पडला.

लुंबिनी हल्ली कोलेस्टेरॉलच्या नावाखाली मटण पाण्यासारखं करते. आई महिनाभर नागपूरहून आलीय, तिने वाटीत डोकावून विचारलं, काहून वं सूनबाई, वर तर्री नाही, आत जीव कसा येईन?

मी घास तसाच धरून बसलो. आत जीव कसा येईल! हितेश औषधाच्या मापाने तेल घालायला सांगतो. आम्ही नागपूरचे. आमच्याकडे रश्श्यावर बोटभर लाल तेल तरंगलं नाही तर पाहुणा आपला अपमान समजतो. इंजिनही पाहुणाच आहे, परदेशातून आलेलं.

१४ सप्टेंबर

नवा पिस्टन बसवला (हितेशने. मी देखरेख केली). तो गेल्यावर पेट्रोलमध्ये तेल ओतलं, सढळ हाताने, अंदाजाने. आई अंदाजानेच घालते, कधी चुकली नाही.

सुरू केली. धूर झाला, हे मान्य. जरा जास्तच झाला. निळसर, दाट, थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. बायकांनी धडाधड खिडक्या लावल्या. मग मुलं धावत आली, आरडाओरडा करत गाडीमागच्या धुरात नाचायला लागली. मला वाटलं, चाहते. इतक्यात हेमलताताईंनी दारातून ओरडून लुंबिनीचे आभार मानले, की एकदाची फॉगिंगची गाडी आली. सी ब्लॉकवाले श्रीरंग देशपांडे लुंगीवर खाली आले आणि विचारलं, इधर हो गया हो तो हमारी तरफ भी आ जाओ भैया. हेल्मेटमुळे ओळखलं नाही त्यांनी. मीही ओळख दिली नाही. मराठी माणसाने मला भैया म्हणावं!

लुंबिनी म्हणाली, विहारात दर रविवारी मध्यम मार्गावरचं प्रवचन मान हलवत ऐकता, तो तेलालाही लागू होतो. मी म्हटलं, धम्म वेगळा, टू-स्ट्रोक वेगळा.

२१ सप्टेंबर

प्लग काढला. आता काळा कुळकुळीत, ओला, टपकतोय. पांढरा झाला, काळा झाला, सगळे अनुभव घेऊन झाले त्याचे.

गाडी मात्र धापा टाकते. दोन दिवस विचार केला आणि खरा दोष सापडला. एवढं मोठं पोट आणि शेवटी करंगळीएवढी शेपूट! धूर जाणार कुठून? ऑफिसात हेच होतं. दहा टेबलांवरून फाईल येते आणि एका खडूस साहेबापाशी अडकते. साहेब हटवा, काम सुरळीत.

हितेशला सांगितलं, शेपूट कापतो. तो म्हणाला, भाऊजी, कापता येईल, कापायला काही नाही, पण ती बारीक असते त्याला कारण...

लवलीपाजींनी दहा मिनिटांत कापून दिली. हो जाएगा सरजी. परत येऊन स्टार्ट केली तर पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचे अलार्म एकदम वाजले! ही ताकद नाही तर काय? लुंबिनी म्हणाली, हा आवाज आहे. फरक काय, विचारलं. ती एकेका गाडीवाल्याला फोन लावायला लागली.

२८ सप्टेंबर, सकाळी सहा

आजचा दिवस. टेम्पो आलाय. जिंकल्यावर नम्र राहायचं. दोन शब्द बोलायला सांगितले तर आधी आईचं नाव घ्यायचं, मग लवलीपाजींचं. हितेशचंही घ्यावं, बिचारा.

व्यायाम उद्यापासून नक्की.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ

अंग दुखतंय, थोडक्यात लिहितो.

झेंडा पडला. सगळे गेले. मी पण निघालो होतो, मनाने. ॲक्सिलरेटर पिळला की नुसती गर्जना आणि धूर, पुढे हलणं नावाला. फेरी मारून परत माझ्या मागे आलेल्यांना ट्रॅक दिसेना. त्यांनी गाड्या थांबवल्या. मग कडेला उभा असलेला एक जण आग लागली म्हणून विझवायचा सिलिंडर घेऊन धावत आला आणि मला, गाडीला, आम्हा दोघांना पांढऱ्या पावडरने माखून टाकलं. आग नाहीये, असं मी सांगत होतो. तोंड उघडलं की पावडर आत.

पुसून झाल्यावर निघालो. पहिल्या वळणापर्यंत पोचलो. तिथे ती थांबली ती थांबलीच. ट्रॅक्टर लावून ओढून आणली.

एक गोष्ट नोंदवतो: आज पूर्ण शर्यत थांबवू शकलेला मी एकटाच स्पर्धक होतो.

२९ सप्टेंबर

लुंबिनी टोमणा मारेल म्हणून तयारी करून बसलो होतो. मारला नाही. पाठीला मलम चोळलं आणि सांगितलं, भंगारवाला रविवारी येईल.

खाली जाऊन गाडीवर बसलो. मैत्री आली, शेजारी टायरवर टेकली. म्हणाली, बाबा, उस दिन प्लॉटवर मस्त पळाली होती यार. मी हो म्हटलं. वाईट वाटतंय. खोटं कशाला लिहू, खूप वाईट वाटतंय. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वेगाने गेलं होतं आणि त्यावर मी बसलेलो होतो.

२ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन

सकाळी विहारात वंदना. दुपारी हितेश जेवायला. खीर खाताना मला नवा उपाय सुचला: शेपूट परत जोडायची, पण दोन जोडायच्या. तेलही थोडं वाढवून बघायचं. हितेशला विचारलं.

हितेश म्हणाला, नाही.

आईचा चमचा वाटीतच थांबला. लुंबिनी भावाकडे बघतच राहिली. त्याचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. नाही भाऊजी. हा एक्झॉस्ट काढायचा. जुना सायलेन्सर लावायचा. तेल मी मोजून घालणार. तुम्ही टॉर्च धरायचा आणि बोलायचं नाही.

बावीस वर्षांत मिनिस्टरसुद्धा माझ्याशी असं बोललेले नाहीत. ते माझ्याशी बोललेच नाहीत, हा भाग वेगळा. मी टॉर्च धरला. तासाभरात गाडी पहिल्या किकला सुरू झाली. धूर नाही, अलार्म नाही. अर्थात, एवढे दिवस पाया मीच घातला होता.

पण भंगारवाल्याला रविवार सांगून झालाय.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी भंगारवाला गेटवर. त्याच वेळी पार्किंगमध्ये सोसायटीची माणसं जमलेली. कंत्राटदार पळाला, म्हणून लुंबिनीने धुराचं मशीन विकत आणलं. खरं, औषधाचं. पण ते इतकं जड की गार्ड दोन इमारती फिरून खाली बसला. सी ब्लॉकमध्ये आणखी दोघांना ताप आहे. लुंबिनीने मशीनकडे पाहिलं. मग माझ्या गाडीकडे पाहिलं. भंगारवाल्याला थांबायला सांगितलं.

मी तत्काळ हेल्मेट घालून आलो. शेवटी रेसर लागलाच ना! तोवर ती पुढे बसलेली. म्हणाली, अहो, तुम्ही मागे बसा, मशीन धरायला दंड लागतात.

मागे बसलो. धूर पुढे येऊ नये म्हणून उलटा, पाठीला पाठ लावून, मांडीवर मशीन. बाईने काय सफाईने गिअर टाकला! ए ब्लॉक, बी ब्लॉक, मग सी. मुलं मागून धावत होती, मच्छरवाले अंकल, मच्छरवाले अंकल. श्रीरंगरावांनी यावेळी ओळखलं आणि हात जोडले. एकदाही बंद पडली नाही.

भंगारवाल्याला परत पाठवलं. एक फेरी म्हणजे एक फेरी, लुंबिनी म्हणाली, शब्द दिला होता. गाडी राहील, पण पंपाच्या खोलीशेजारी. पार्किंग तिचं. दर रविवारी सकाळी सात, मागची सीट माझी.

लवलीपाजींना एक्झॉस्ट परत दिला होता. त्यांचा फोन आला, ढाब्यावर तंदूरला लावलाय, धूर एकदम मस्त खेचतो. म्हणजे डिझाइन बरोबर होतं.

फेरी पूर्ण केली, हे लिहून ठेवतो. फक्त तोंड मागे असल्यामुळे संपली कधी ते मला दिसलं नाही. मैत्रीने सांगितलं तेव्हा कळलं.