मडगाव स्टेशनापासून पुढे

सिद्धीच्या बाबांस,

मडगावच्या शाळेत आज अकराला शिक्षिकेच्या जागेची मुलाखत आहे. तुम्ही नको म्हणालात, तरी पेडण्याहून सकाळच्या गाडीने जाते आहे. स्टेशनापासून शाळा लांब, म्हणून पुढे पायलटच्या भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जाईन. तुमची मांय म्हणेल, "परक्या पुरुषामागे बसतली?" तिला आठवण करून द्या, मला कळा आल्या नि तुम्ही पाळी गावच्या खाणीवर होता, तेव्हा मला दवाखान्यात न्यायला पायलटला तिनेच हाक मारली होती.

सिद्धीचा आत्ताच डोळा लागलाय. उठली की पेज कोमट करून भरवा. रडली तर माझी जुनी साडी जवळ द्या, वास ओळखते ती.

नोकरी लागली तर बिऱ्हाड मडगावला हलवायचं की मी रोज ये-जा करायची, एवढंच तुम्ही ठरवा.

विमला