घरी पाठवलेले ज्यूरी

वेदरबी, ओहायो
३ मे १८४६

ती. असाहेलदादास,
शि. सा. न. वि. वि.

फाशीविरुद्धचं तुझं पुस्तक गावभर फिरतंय. गोधडी शिवायला जमतो तेव्हा एक वाचते, बाकीच्या सुया चालवतात. पूर्वी फाशी बघायला मुलांना खांद्यावर घेऊन जाणारे आमचे हे, परवा वाचता वाचता रडले. पाद्रीबुवा मात्र तोंड वाकडं करून आहेत.

आनंदाची बातमी म्हणजे तू लढवतोयस त्या कोर्मॅकच्या खुनाच्या खटल्यासाठी यांना आणि निम्म्या गावाला ज्यूरीचं बोलावणं आलंय. कालव्यावरच्या त्या आयरिश पोराचं नशीब उघडलं म्हणायचं! आता तरी पोटभर जेव. सफरचंदाचा मुरंबा धाडलाय.

तुझी,
केझाया

*

९ मे १८४६

चि. सौ. केझायास अनेक आशीर्वाद.

बाई गं, आनंद कसला करतेस? न्यायाधीश प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतात: फाशी द्यायला तुमच्या मनाची हरकत आहे का? जो 'आहे' म्हणेल त्याला घरी पाठवतात. इतकी वर्षं वकिली केली, पण लिहिताना हे डोक्यातच आलं नाही. ज्यांना मी पटवलं, तेच आता बाहेर जाणार. माझ्याच हाताने मी माझ्या अशिलाचा गळा आवळलाय.

जोथमरावांना सांग, त्या प्रश्नाला... नाही, हे मला वकील म्हणून लिहिता येत नाही. तीन कागद फाडले. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तू शहाणी आहेस, काय ते समजून घे.

मुरंबा पोचला. चवच कळत नाही.

तुझा,
असाहेल

*

२३ मे १८४६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फाशीची शिक्षा ऐकून तू कोर्टातून तडक निघून गेलास, म्हणून लिहिते. तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "बायबलवर हात ठेवून खोटं बोललो, तर 'मी खून केला नाही' म्हणणारा तो पोरगा खरं बोलतोय हे कुठल्या तोंडाने सांगू?" मी चिडले, दोन दिवस अबोला धरला. पण हे बधले नाहीत. ते आणि आपली सगळी माणसं खरं बोलली आणि घरी आली. ज्यूरीत बसले ते तुझं पुस्तक न उघडलेले.

आता हे जेवत नाहीत, नुसते अंगणात येरझाऱ्या घालतात. तू म्हणे उरलेली पुस्तकं जाळणार आहेस. खबरदार! फाशीला अजून तीन आठवडे आहेत आणि ती रद्द करणं गव्हर्नरच्या हातात आहे. घरी पाठवलेले सगळे सोमवारी राजधानीत, कोलंबसला, त्यांच्या दारात जाऊन उभे राहणार. ही कल्पना यांची. मीही जातेय. बायकांना ज्यूरीत बोलावतच नाहीत, म्हणून मला अजून कुणी काही विचारलेलंच नाही. मीच सांगणार आहे.

पाद्रीबुवांनी गाडी दिलीय. 'मत बदललेलं नाही, पण पोरगा लहान आहे' म्हणाले.

अर्ज तू लिही, आणि या वेळी एका पानात आटप. रविवारी रात्री मुक्कामाला ये. तू येईपर्यंत हे जेवणार नाहीत, आणि मीही नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
केझाया